सात नंबरचं वजन

काकांसमोर मी त्या प्राण्याला एकदाच घूस म्हणालो. पुढचा अर्धा तास मी किचनमध्ये उभा, आणि स्टोव्हवर माझ्या नूडल्सचा लगदा.

"अहो इंजिनियर, इकडे या. हा मागचा पाय बघा. अंगठा दिसतो? आपल्या हाताला असतो तसा? घुशीला असतो का? नसतो. घुशीच्या पोटाला पिशवी असते? नसते. घुशीला पन्नास दात असतात? मुळीच नाही, सोळा असतात. तुम्हाला किती आहेत?"

"बत्तीस. म्हणजे एकतीस, एक काढला."

"मग दातांच्या बाबतीत घुशीच्या जवळ कोण? हे, का तुम्ही?"

कप्पाळ! मी नागपूरचा. आमच्या मागच्या अंगणातली भिंत घुशींनी पोखरून पोखरून शेवटी आडवी केली होती. लांबट तोंड, उघडी शेपटी आणि अंगावर राखाडी केस असलेल्या कुठल्याही जनावराला माझ्या तोंडून 'घूस' हाच शब्द निघतो, त्याला माझा इलाज नाही. आणि नशीब बघा, एवढे समुद्र ओलांडून अमेरिकेत कॅरीला नोकरीसाठी आलो, गॅरेजवरची खोली भाड्यानं घेतली, तर खाली घरमालक काकांकडे लाँड्री रूममध्ये ओळीनं पिंजरे. इथले लोक त्या प्राण्याला पॉसम म्हणतात. कॅरीतली मराठी माणसं मात्र सर्रास घूस म्हणायची आणि काकांना त्यांच्या पाठीमागे 'घूसवाले काका'. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

काका बुटके, टकलू, कायम इस्त्रीचा फुल शर्ट. मूळचे साताऱ्याचे. एका औषधाच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढून रिटायर झालेले, पण ते फक्त कंपनीतून. घरात क्वालिटी कंट्रोल चालूच होता. डाळीच्या डब्यावर उघडल्याची तारीख, दह्यावर विरजण लावल्याची वेळ. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक काळं. पेन्सिल घरात आणायची बंदी. "पेन्सिलीनं लिहिलेलं खोडता येतं. खोडता येतं ते खरं नसतं." चूक झालीच तर तिच्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं काय ते, आणि सही. किराण्याच्या यादीतसुद्धा. 'बटाटे'वर रेघ मारून 'कांदे' लिहिलं तरी बाजूला सही असायची. मी एकदा हसलो तर म्हणाले, "हसा. उद्या तुमच्या पोटात जाणारी गोळी कुणीतरी रबरानं खोडून पास केलेली असेल तेव्हा हसा."

आणि सगळ्यांना अहो-जाहो. मला, पोस्टमनला, शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीला. पिंजऱ्यातल्या पिल्लांनासुद्धा. "अहो चार नंबर, ताटलीत पाय देऊ नका."

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं. एकदा सकाळी ऑफिसला जाताना त्यांच्या गाडीखाली एक पॉसम आली. जागच्या जागी गेली. काका उतरले ते बंपर बघायला, हे ते प्रामाणिकपणे कबूल करायचे. बंपरला काही झालं नव्हतं. पण मेलेल्या पॉसमचं पोट हलत होतं. पोटाच्या पिशवीत सात पिल्लं जिवंत. काकांनी ती डब्याच्या फडक्यात गुंडाळली, ऑफिसला नेली आणि लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली. कुणालाही पत्ता लागला नसता. पण दुपारी ह्या गृहस्थांनी स्वतःच्या विरुद्ध स्वतःच रिपोर्ट लिहिला: 'इन्क्युबेटर नंबर दोनमध्ये सात प्राणी ठेवले. नियमभंग माझा.' खाली सही.

"मग? काय झालं?"

"मेमो मिळाला. मिळायलाच पाहिजे होता. पण पिल्लं सातच्या सात जगली."

त्यानंतर त्यांनी रीतसर शिकून परवानगी काढली. राज्य सरकारचं ते सर्टिफिकेट फ्रेम करून देवघरात, गणपतीच्या शेजारी. रोज त्यालाही फूल.

फोन तर सारखे. "काका, डेकखाली घूस आहे हो! मोठी आहे! पोरं घाबरलीत, काय करू?" काका आधी शब्द दुरुस्त करायचे, मग चौकशी. तोंड पांढरं आहे का? कान काळे, पातळ, बिनकेसांचे आहेत का? तोंड वासून फिस्कारतंय का? "फिस्कारू द्या. तेवढंच येतं बिचाऱ्यांना. चावायची हिंमत नसते. फार घाबरलं तर मेल्यासारखं पडेल, तोंडातून लाळ गळेल, वास सुटेल. फावडं घेऊन पुरायला जाऊ नका! थोड्या वेळानं उठून जाईल." पिल्लू एकटं सापडलं असेल तर प्रश्न एकच, लांबी किती. नाकापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत वीतभर असेल तर ते आपलं आपण बघतं, हात लावू नका. वितीपेक्षा कमी असेल तर अनाथ आहे, घेऊन या. पण वीत प्रत्येकाची वेगळी, आणि क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला ते कसं खपेल? म्हणून त्यांनी स्वतःच्या वितीएवढ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि मंडळाच्या गणपतीत प्रसादाबरोबर वाटल्या. कॅरीतल्या निम्म्या मराठी घरांत फ्रिजवर ती पट्टी मॅग्नेटनं लावलेली असायची. पोरांची उंची मोजायला वापरायचे लोक, पण असायची.

आणि माकडटोप्या. मुलांकडे सहा महिने राहायला येणारे आईबाप भारतातून हमखास माकडटोपी आणतात. अमेरिका म्हणजे थंडी, एवढंच डोक्यात. इथे उतरतात तो कॅरीत घामाच्या धारा. मग त्या टोप्या बॅगेच्या तळाशी पडून राहतात. काकांनी त्या गोळा करायचा सपाटा लावला होता. लोकरीची, खोल, तोंडाला लहान भोक, आत अंधार आणि ऊब. पॉसमच्या पिल्लाला आईच्या पिशवीनंतर माकडटोपीच, असं त्यांचं ठाम मत. गाडीत कायम दोन टोप्या, बोथट कात्री, टॉर्च आणि पिवळं चमकणारं जाकीट.

त्यांचं एक वाक्य होतं. रस्त्याकडेला मिळालेलं पिल्लू अगदी बर्फासारखं, हालचाल नाही, श्वास दिसत नाही, असं असलं तरी ते टाकायला तयार नसायचे. "गार आहे म्हणजे मेलं नाही. आधी गरम करा. गरम होऊनही हललं नाही, तर मग मेलं म्हणा." हे वाक्य ते कुठंही वापरायचे. माझी ग्रीन कार्डाची फाइल वर्षानुवर्षं जागची हलेना, तर म्हणाले, "गार आहे, मेलेली नाही."

आई नागपूरहून यायची होती त्या सकाळी माझी गाडी मेकॅनिककडे. काका म्हणाले, चला, मी सोडतो. एअरपोर्ट वीस मिनिटांवर. दहाव्या मिनिटाला काकांनी ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेला राखाडी ढीग.

"काका, आईची फ्लाइट उतरली असेल."

"त्यांना बसायला खुर्ची आहे. इथे ह्यांची आई गेली आहे."

पिवळं जाकीट घालून, गाडीचे दिवे लुकलुकते ठेवून ते खाली उतरले. मेलेल्या पॉसमला आधी हात जोडले, मग गुडघ्यावर बसून पिशवी उघडली. इतक्यात मागे पोलिसांची गाडी. माझा जीव टांगणीला. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला निळे दिवे दिसले की हात आधी खिशातल्या कागदांकडे जातो. उंच्यापुऱ्या ऑफिसरनं विचारलं, इथे काय चाललंय? काकांनी मान वर न करता त्याच्या हातात टॉर्च दिला. "ऑफिसर, प्लीज होल्ड धिस. थोडं डावीकडे." आणि तो बाप्या वाकून टॉर्च धरून उभा राहिला की हो! पिल्लं एकेक निघत गेली, बोटभर लांब, नुकतेच डोळे उघडलेले, आणि ऑफिसर मोठ्यानं मोजत होता. अकरा. शेवटी त्यानंच आमच्यासाठी ट्रॅफिक थांबवला.

अकरा पिल्लं आणि टोप्या दोन. चार आणि चार बसली, तीन माझ्या मांडीवर रुमालात.

एअरपोर्टला आई तासभर ताटकळलेली, चेहरा रागानं लाल. काकांनी नमस्कार केला आणि दुसरं वाक्य बोलले, "वहिनी, माकडटोपी आणलीत का?"

आई त्यांच्या घामेजलेल्या टकलाकडे बघतच राहिली. "थंडी वाजून राह्यली का जी तुम्हाला?" असं म्हणत तिनं बिचारीनं पर्समधून टोपी काढून दिली. तपकिरी, तिनं स्वतः विणलेली. काकांनी त्यात तीन पिल्लं सोडली तेव्हा तिनं अशी किंकाळी फोडली की आजूबाजूचे लोक थांबले.

"काय बापा, घुशी पाळून राह्यले लोक इथं!"

"आई, घूस म्हणू नको," मी म्हणालो. उशीर झाला होता. कोणत्या पायाला अंगठा असतो ते तिला घरी पोचेपर्यंत पाठ झालं.

पिल्लांना नावं ठेवायची नाहीत, फक्त नंबर. नाव ठेवलं की सोडवत नाही, आणि ही तर सोडायचीच असतात, जंगलची आहेत. नंबर ओळखता यावेत म्हणून कानाला वेगवेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका. काकांनी दुकानात जाऊन शांतपणे अकरा रंग निवडले. सात नंबरचा केशरी. आईच्या टोपीत बसलेल्या तिघांपैकी तो, आणि सगळ्यात रोडका. बाकीचे पन्नास ग्रॅमच्या पुढे, हा चाळीसवर अडकलेला. रोज सकाळी प्रत्येकाचं वजन रजिस्टरमध्ये, निळ्या पेनानं. फ्रिजवर चार पानी नियम, कंपनीतल्या सवयीनं इंग्रजीत. गाईचं दूध द्यायचं नाही. गार पिल्लाला खायला द्यायचं नाही. अंगावर पाणी घालायचं नाही. मी ते आईला मराठीत सांगायचं राहून गेलं. त्याचं पुढे सांगतो.

आई आठवड्याभरात पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसायला लागली. "घाण आहेत मेले," म्हणायची आणि तिथेच बसायची. बरणीच्या झाकणातलं पातळ खाणं सात नंबर चाटायचा आणि मध्येच थकून झाकणातच झोपायचा, तर ही तिकडे हळहळायची. "अशक्त आहे रे. काही न्हाऊ-माखू घालत नाही तुम्ही लोक."

मग एका दुपारी काका जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात पावडर मोजायचा चमचा. मी हॉस्पिटलला नेलं. तीन ब्लॉकेज. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन ह्याच आठवड्यात. काका म्हणाले जुलैत.

"जुलै का?" डॉक्टरनं विचारलं.

"अकरा पेशंट आहेत घरी. ती जुलैत सुटतील."

त्यांची मुलगी लांबच्या राज्यातून विमानानं आली, रडली, ओरडली. काका ढिम्म. तशीच लायसन्स असलेली दुसरी माणसं होती गावात, पण सीझन होता, सगळ्यांकडे हाउसफुल. शेवटी मी म्हणालो, "काका, मी बघतो. अकराच्या अकरा. तुम्ही परत याल तेव्हा अकरा मोजून घ्या."

काकांनी चश्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "मला फोनवर रोज वजनं सांगाल?"

"सांगीन."

"काट्यावर दिसेल तेच?"

"तेच."

मग त्यांनी फॉर्मवर सही केली. म्हणजे बघा, हा माणूस टेबलावर झोपायला तयार झाला तो माझ्या शब्दावर. ह्याचं ओझं मला तेव्हा कळलं नाही. नंतर चांगलंच कळलं.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवस आयसीयूत, फोन नाही. तिसऱ्या दिवशी मुलीचा मेसेज आला: बाबांना रूममध्ये हलवलंय, सहा वाजता फोन करतील, वजनं तयार ठेवा.

त्याच दिवशी पाचच्या सुमारास मी वर ऑनलाइन मीटिंगमध्ये, आणि खाली आईनं संधी साधली. मोठ्या प्रेमानं. बाळ रोडकं आहे, वास मारतंय, तर कोणतीही आजी जे करेल तेच. तिळाचं तेल कोमट करून सात नंबरला मालिश. मग वाटीत ऊन पाणी घेऊन अंघोळ. टॉवेलात गुंडाळून ओट्यावर ठेवलं, आणि छोट्या कढईत ओवा टाकून धुरी.

धुरी! अमेरिकेतल्या घरात! छतावरचा अलार्म असा काही बोंबलायला लागला की मीटिंगमधले लोक विचारू लागले, "इज एव्हरीथिंग ओके?" मी तीन-तीन पायऱ्या उतरत खाली. किचनभर धूर, आई कानांवर हात ठेवून उभी. मी खुर्चीवर चढलो, हाताला लागला तो टॉवेल ओढला आणि अलार्मखाली वारा घालत बसलो. आईनं दारं उघडली, पंखा फुल केला, एसी आधीच चालू. पंधरा-वीस मिनिटं हा गोंधळ. अलार्म गप्प झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, टॉवेल ओला का आहे? आणि तेलकट?

ओट्याच्या गार दगडावर, एसीच्या झोताखाली, सात नंबर पडला होता. ओला, चिपकलेल्या केसांचा, अंगठ्याएवढा. हात लावला तर दगड आणि तो, दोन्ही सारखेच. हलत नव्हता. श्वास नव्हता. केशरी ठिपका मात्र चकचकीत, तेलानं.

"गेला का रे?" आई ओट्याशी आली. "मी मारलं का रे त्याला?"

तिला न्हाऊ घालू नको असं मी सांगितलं नव्हतं. टॉवेल मी ओढला होता. सहाला पंधरा मिनिटं कमी, आणि माझ्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलच्या पलंगावर फोन धरून बसलेले काका.

आई दुधाचं पातेलं गॅसवर ठेवायला धावली. "कोमट दूध देते, बोळ्यानं."

"नाही! गार जिवाला खायला द्यायचं नाही!" हे मी ओरडलो, आणि ओरडल्यावर पुढचं वाक्य आपोआप आठवलं. गार आहे म्हणजे मेलं नाही. आधी गरम करा.

कोरड्या फडक्यानं टिपून घेतला. तपकिरी माकडटोपीत घातला. मी शेकायला तांदूळ भरलेला मोजा मायक्रोवेव्हमध्ये टाकला तोवर आईनं टोपी माझ्या हातातून घेतली, पदराच्या आत पोटाशी धरली आणि खुर्चीवर बसली. वरून दोन्ही हात. "तुझा मोजा राहू दे बाजूला," म्हणाली. "तू सातव्या महिन्यात झाला होता. तुला अशीच घेऊन बसली होती मी, पंधरा दिवस." हे मला तिनं आधी कधीच सांगितलं नव्हतं.

बरोबर सहाला फोन वाजला.

काकांचा आवाज खोल गेलेला, दोन शब्दांमध्ये श्वास. "हं. एक नंबर?"

"बहात्तर."

"दोन?"

"चौऱ्याहत्तर." मी रजिस्टर धरून वाचत होतो. सकाळचीच वजनं, काट्यावरची, सगळी खरी. फक्त सात नंबरची जागा रिकामी होती. सकाळी तो झोपला होता म्हणून नंतर करू म्हटलं होतं.

"सात?"

समोर आई. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. टोपी हलत नव्हती.

"एकोणपन्नास," मी म्हणालो.

"एकोणपन्नास," काकांनी म्हटलं. "बरं. आठ?"

अकरापर्यंत झालं. फोन ठेवला. निळ्या पेनानं मी रिकाम्या जागेत एकोणपन्नास लिहिलं, आणि मला स्वतःची अशी लाज वाटली की आईकडे बघवेना. आयुष्यभर खऱ्या आकड्यावर जगलेल्या माणसाला, छाती शिवलेली असताना, मी थाप मारली होती.

सव्वासहा झाले. साडेसहा. मी अंगणात खड्डा कुठे काढायचा ते ठरवत होतो. काकांना कोणत्या तोंडानं सांगायचं, तेही.

"ए," आई म्हणाली. अगदी हळू. "ए, इकडे ये."

तिनं करंगळी टोपीत घातली होती. करंगळीभोवती शेपटी. सैल, मग जरा घट्ट.

"धरून राह्यला रे," आई म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. "मला धरून राह्यला!"

मग टोपीतून शिंकेसारखा बारीक आवाज आला. फिस्. फिस्. हरवलेली पिल्लं आईला असं बोलावतात, काकांनी शिकवलं होतं. आणि आई जिभेनं च्च च्च करते. माझी आई मुळात रडतारडताच च्च च्च करत होती, तिला कोणी शिकवायची गरज पडली नाही. मी जमिनीवर बसलो तो बसलोच. सुटलो रे बाबा, एवढंच तोंडातून निघत होतं.

दुसऱ्या दिवशी काट्यावर सात नंबर पंचेचाळीस भरला. मी तेच लिहिलं आणि फोनवर तेच सांगितलं. काका फक्त "बरं" म्हणाले.

आठवड्यानं ते घरी आले. हातात हॉस्पिटलनं दिलेली लाल उशी. खोकला किंवा हसू आलं की ती छातीशी दाबून धरायची, टाके सांभाळायला. बुटात पाय असतानाच लाँड्री रूममध्ये गेले, अकरा मोजले. मग खुर्ची मागितली, चश्मा मागितला, रजिस्टर मागितलं. आईनं चहा पुढे केला. तो बाजूला ठेवला.

पानावरून बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. कुठे थांबलं ते मला बघायची गरज नव्हती.

"अहो इंजिनियर. सात नंबर. शेहेचाळीस, मग एकोणपन्नास, मग पंचेचाळीस. एका दिवसात तीन ग्रॅम वर, दुसऱ्या दिवशी चार ग्रॅम खाली. जुलाब नाहीत, काही नाही. असं जनावर नसतं. असा माणूस असतो."

मी तोंड उघडलं.

"मी न्हाऊ घातलं त्याला," आई मध्येच म्हणाली, ताठ उभी राहून. "तेल लावून. मला माहीत नव्हतं जी. त्याला बोलू नका."

"टॉवेल मी ओढला," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. धुरी, अलार्म, ओटा, फोन. काकांचा चेहरा हलत नव्हता. 'धुरी' ऐकल्यावर मात्र त्यांनी उशी छातीशी धरली. अलार्मपर्यंत आलो तेव्हा दोन्ही हातांनी गच्च धरली, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. हसत होते. हसताना दुखत होतं, आणि थांबता येत नव्हतं.

"किती वेळ गार होते ते?" शेवटी विचारलं.

"तासभर असेल. जास्तच."

"मी त्यांच्यापेक्षा जास्त वेळ गार होतो," काका म्हणाले. "माझं हृदय थांबवून गार करून ठेवलं होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी म्हटलं, हे तर आमच्याकडचंच आहे."

मग उशी मांडीवर ठेवली. चश्मा पुसला.

"फोनवर तुम्ही एकोणपन्नास म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. घाबरलेला माणूस नेहमी जास्त सांगतो. तीस वर्षं तेच तर पकडलं."

"मग विचारलं का नाहीत?"

"खरं सांगितलं असतंत तर मी तिथून उठून आलो असतो," ते म्हणाले. "आणि मला उठायचं नव्हतं हो. फार दमलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा ऐकून बरं वाटलं."

खिशातलं निळं पेन काढलं. एकोणपन्नासवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: 'वजन घेतले नाही.' पिंजरा नंबरच्या रकान्यात लिहिलं: 'आजीच्या पोटाशी.' सही केली. मग रजिस्टर फिरवून पेन माझ्याकडे न देता आईपुढे धरलं.

"वहिनी, साक्षीदार म्हणून तुमची सही. मराठीत चालेल."

आईनं पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि शाळेतल्यासारखं सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. मग पेन परत देता देता थांबली, वाकली, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

'आता न्हाऊ नाही घालणार.'

काकांनी ती वाचली, उशी छातीशी घट्ट धरली, आणि गार झालेला चहा मागून घेतला.